गाणे ही आमची खतावणी
(मुरबाड व शहापूर तालुक्यांतील गाणाऱ्या-वाजविणाऱ्या मंडळींपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीस डफवाले आहेत, ढोलकीवाले आहेत, भजनातले टाळकरी आहेत, ठाकरवाडीहून आलेले नाचाचे गडी आहेत आणि लग्नात धवळे गाणाऱ्या मायबहिणीही आहेत. तुम्हांला गाणे कसे म्हणावे हे शिकविण्यासाठी आम्ही उभे राहिलो नाही. तुमचा गळा आणि तुमचा ताल तुमच्या आजोबा-पणजीने तुम्हांला दिला आहे. त्यात आमची भर पडण्यासारखी नाही. आम्हांला बोलायचे आहे ते एवढेच, की ज्या गाण्याला लोक अन्यायाविरुद्धचे गाणे म्हणतात, ते आमच्या समाजात कशासाठी जन्माला आले, त्याने काय काम केले आणि आज ह्या दोन तालुक्यांत त्याने कोणते काम करावे.

शेतकऱ्याला लुबाडण्याचे मोठे हत्यार तलवार नव्हते; ते वही होते. सावकाराच्या हाती खाते, कुळकर्ण्याच्या हाती दप्तर, जोशाच्या हाती पंचांग. ह्या तीन वह्यांत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याने राबावे आणि अंगठा उठवावा, असा हा जुना कारभार होता. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारी शेतकरी उठले आणि पुढे पुणे-नगरकडील गावोगाव तेच लोण गेले. त्या वेळी त्यांनी काय केले? सावकाराच्या जिवावर ते क्वचितच उठले. त्यांनी खते आणि रोखे हिसकावले व जाळले. अक्षर न कळणाऱ्या माणसालाही आपला फास कोठे बांधला आहे हे पक्के कळत होते. सरकारला 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला तो ह्या बंडामुळे.

पण कागद जाळून वही संपत नाही. सावकार दुसरी वही घालतो. तेव्हा वहीला उत्तर देणारी आपली वही पाहिजे. ज्यांच्यापाशी कागद नाही, दौत नाही, शाळा नाही, त्यांची वही कोणती? ती त्यांच्या मुखात असते. तिला चाल असते म्हणून ती विसरत नाही. तिला ध्रुपद असते म्हणून ती एकाची न राहता दहांची होते. मंडळी, गाणे ही निरक्षराची खतावणी होय. एवढी एक गोष्ट आज येथून घेऊन गेलात, तर आमचे बोलणे फुकट गेले असे आम्ही म्हणणार नाही.

ही गोष्ट जोतीराव फुल्यांनी ओळखली होती. सत्यशोधक समाज पुण्यात 24 सप्टेंबर 1873 रोजी स्थापन झाला. पण त्याच्या चार वर्षे आधीच, 1869 साली, त्यांनी शिवाजीराजांचा पवाडा रचून छापला होता. पुढे 1883 साली शेतकऱ्याचा असूड लिहिला. असूड वाचावा लागतो. पवाडा ऐकला तरी पुरतो. म्हणून आधी पवाडा, मग ग्रंथ. त्यांचे अखंडही गाण्याजोगेच आहेत. पुढे कृष्णराव भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील ह्यांनी नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून दीनमित्र पत्र चालविले आणि 1913 साली कुलकर्णी लीलामृत लिहिले. दप्तरदाराच्या लीला त्यांनी पोथीच्या ओवीत घातल्या! ज्या ओवीपुढे शेतकरी हात जोडून बसे, त्याच ओवीत त्याला स्वतःच्या लुबाडणुकीचा जमाखर्च ऐकू आला. हसता हसता डोळे उघडले.

मग आला सत्यशोधक जलसा. 1910 नंतरच्या दोन दशकांत सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर ह्या भागांत जलशांनी रान उठविले. रामचंद्र घाडगे, भीमराव महामुनी ह्यांसारखे जलसेवाले गावोगाव फिरले. त्यांनी नवे थिएटर बांधले नाही. तमाशाचाच फड, तीच ढोलकी, तेच तुणतुणे, तोच सोंगाड्या. तमाशात गण होता; त्यांनी गणपतीचा अर्थ गणांचा, म्हणजे लोकांचा पुढारी असा लावला. बतावणी होती, त्यांनी सोंगाड्याच्या तोंडी असे प्रश्न घातले की जे शेतकऱ्याच्या मनात असत पण ओठांवर येत नसत. वगात राजाराणीच्या जागी शेतकऱ्याचे घर आले. घरात लग्न निघाले की जोशी पंचांग घेऊन हजर, कुळकर्णी दप्तर घेऊन हजर, सावकार खाते घेऊन हजर; आणि शेवटी शाळेत जाऊन आलेले पोर कागद वाचून दाखवते व सगळे बिंग बाहेर पडते. बहुधा असाच त्याचा घाट असे. सरकारी शाळेत जी गोष्ट शिकवीत नसत, ती शाळा रात्री चावडीपुढे भरत असे, आणि तिला फी नव्हती.

ह्याचे फळ काय झाले? लोक भिक्षुकावाचून लग्ने लावू लागले, पोरे शाळेत घालू लागले, पाटील-कुळकर्ण्यांस पावती मागू लागले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी 1918 साली कुळकर्णी वतने बंद करून तलाठी नेमले. राजाने हुकूम काढला हे खरे. पण हुकूम पचविण्याची ताकद रयतेत आणण्याच्या कामी सत्यशोधकांच्या शाहिरांचा वाटा मोठा होता.

हे सगळे घाटावरचे, आमच्या कोकणातल्या तालुक्यांशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांनी 1880 पासून मुंबईस दीनबंधु पत्र चालविले, 1884 साली गिरणीकामगारांची संघटना उभारली आणि ज्यांच्या खटपटीने कामगाराला 1890 साली रविवारची सुटी मिळाली, ते ठाण्यातच जन्मले. मुरबाडहून माळशेज चढले की ओतूर लागते. तेथले भाऊ कोंडाजी डुंबरे पाटील हे जोतीरावांचे खंदे सहकारी. शहापूरहून थळघाट चढले की इगतपुरी आणि पुढे सिन्नर. त्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी 15 ऑगस्ट 1922 रोजी वामन तबाजी कर्डक जन्मले. त्यांच्याविषयी दोन शब्द अधिक बोलणे जरूर आहे, कारण शाहीर कसा घडतो हे त्यांच्यावरून कळते.

त्यांच्या आधी नाशिककडेच भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 साली झाला, नाशिकच्या काळाराम मंदिराचा 1930 साली सुरू झाला. ह्या लढ्यांची हकीकत वर्तमानपत्रांनी किती दिली आणि जलशांनी किती दिली ह्याचा हिशेब केला, तर वस्तीवस्तीत जलशाचेच पारडे जड भरेल. पुढे भीमरावांनी त्या जलशांचे स्वरूप व कार्य सांगणारे पुस्तकच लिहिले.

वामनदादा तर मुंबईत पोटासाठी आलेला, अक्षरओळख नसलेला पोरगा. कोळशाच्या वखारीत राबला, गिरणीत राबला. दुकानांवरच्या पाट्या वाचून जोडाक्षरे शिकला. 3 मे 1943 रोजी त्यांनी पहिले गाणे रचले, तेही एका सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर. तेथून 15 मे 2004 रोजी देह ठेवीपर्यंत हा माणूस गावोगाव गात फिरला. हजारो गाणी रचली. बाबासाहेबांची चळवळ, शिक्षणाची ओढ, भूमिहीनाची उपाशी चूल, सगळे त्या गाण्यांत आले. 1964 च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या पुढारीपणाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी देशभर तुरुंग भरले, त्या काळाची माणसे वामनदादांचीच गाणी म्हणत मोठी झाली. अक्षर शिकायला शाळा मिळाली नाही, म्हणून ज्याने सबंध समाजालाच शाळा मानले, असा हा शाहीर. आणि अण्णाभाऊ साठे? वाटेगावच्या मांगवाड्यातला हा मुलगा शाळेत अवघा दीड दिवस टिकला असे सांगतात. पण 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकर ह्यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले, आणि मुंबईच्या कामगारमैदानात त्यांचे शब्द ऐकायला हजारो माणसे जमू लागली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा म्हणजे येथून हाकेच्या अंतरावर. उंबरगाव-डहाणूकडून वारली बांधव त्या परिषदेस आले. त्यांच्यावर वेठ होती, मारहाण होती. आणि लग्नासाठी चार रुपये कर्ज काढले तर नवरा-बायको दोघांनी धन्याच्या दारी जन्मभर राबावे अशी लग्नगडीची रीत होती. पुन्हा तीच वही! टिटवाळ्याहून परतून त्यांनी 23 मे 1945 रोजी झरीला सभा घेतली आणि वेठ करणार नाही असा निश्चय केला. 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती पडले. वेठ मात्र पुन्हा उभी राहिली नाही. ह्या लढ्यात पुढे झालेल्या गोदावरी परुळेकर पुण्याच्या ब्राह्मण घरात जन्मलेल्या होत्या. आम्ही ब्राह्मणशाहीशी लढतो, माणसाच्या जन्माशी नाही. जन्म कोठे झाला हे आम्ही विचारीत नाही. हिशेबाच्या वेळी कोणाच्या बाजूस बसला एवढेच विचारतो.

आणि मुरबाडच्या सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील धारातीर्थी पडले, हे तुम्हांला सांगायला नको. माथेरानच्या न्हाव्याच्या घरचा हा वकील. त्यांचा पोवाडा म्हणणारे बंदूक आणि विजेचे मनोरे ह्यांपाशी आवाज चढवितात, ते योग्यच आहे. पण आमची विनंती आहे, की त्या पोवाड्यात एक चौक धान्यकोठीचाही घाला. सावकाराच्या वाढीदिढीच्या धान्यापासून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या. ज्याने इंग्रजाशी झुंज घेतली त्याने आधी कुणग्याचा आणि पायलीचा हिशेब घेतला होता, हे पोरांना कळू द्या.

मंडळी, इतका वेळ जुने सांगितले ते आजच्यासाठी. आज ह्या तालुक्यांत कोणत्या वह्या आहेत?

पहिली वही वीटभट्टीची. दिवाळी सरली की कातकरी वाड्या ओस पडतात. घरदार, पोरेबाळे, कोंबड्या घेऊन माणसे भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात. आधी उचल घेतलेली असते. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते. विटा हजाराच्या भावाने मोजतात. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि पुष्कळदा असा होतो की कष्टकऱ्याच्याच अंगावर बाकी निघते. मग पुढच्या दिवाळीला त्याच भट्टीवर जाणे आले. वेठबिगारीची पद्धत 1975 साली वटहुकमाने आणि 1976 साली कायद्याने बंद झाली. अशा बांधिलकीचे कर्ज कायद्याने रद्द ठरते. पण कायदा पुस्तकात आहे, आणि वही भट्टीवर आहे. ह्या दोहोंची गाठ कोण घालून देणार? संघटना घालून देतात, कचेरीत अर्ज होतात. पण अर्ज करण्याइतका धीर माणसाला येण्यापूर्वी त्याला हे कळावे लागते, की आपली बाकी खरी नाही. तो धीर गाणे देते. उदाहरणादाखल आम्ही चार ओळी जुळविल्या आहेत. तुम्ही ह्याहून चांगल्या कराल:

दिवाळीत उचल दिली, वैशाखात मोजणी झाली,
वही त्याची, दौत त्याची, आमची फक्त बोटं काळी.
विटा किती थापल्या सांग, खर्ची किती घेतली सांग,
सांगणारा तोच एक, ऐकणारी आमची रांग.

दुसरी वही पाण्याची. शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसा धरणातून जाते. आणि त्याच शहापूर तालुक्यात गेली अनेक वर्षे उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेला लागतात. मुंबईच्या लेकरांना पाणी मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. त्या गिरण्यांत आणि चाळींत आमचेच भाऊबंद गेले. आम्ही एवढेच विचारतो, की ज्याच्या शेतावर तळे झाले त्याच्या रांजणात काय पडले, हे कोणत्या वहीत लिहिले आहे? मुरबाड तालुक्यात काळू नदीवरच्या धरणाचे काम वनखात्याची परवानगी नसता सुरू झाले, तेव्हा श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि 2012 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते काम थांबविले. डोंगरातली कष्टकरी माणसे एवढ्या मोठ्या कारभाराला जाब विचारू शकतात, ही गोष्ट पोवाड्याला कमी आहे काय?

आता जे सांगायचे ते कडू आहे, पण सत्यशोधकाच्या व्यासपीठावर गोडच बोलावे असा नियम नाही. पूर्वी वही धरणारा हात परका होता. आज तो पुष्कळ ठिकाणी आपलाच आहे. भट्टीचा मालक आपल्याच जातीचा निघतो. जमिनीचा दलाल आपल्याच आळीतला असतो. व्याजाने पैसे लावणारा आपल्याच भजनात मृदंग वाजवितो. कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी ज्यांना जमिनीचे मालक केले, त्यांच्या नातवांपैकी कित्येक आज जमीन विकून मोटारी घेतात आणि कातकऱ्याला ओट्यावर चढू देत नाहीत. मग आमचा शाहीर काय करतो? तो जयंतीला महापुरुषांची स्तुती गातो, निवडणुकीत जो बिदागी देईल त्याच्या नावाचा ठेका धरतो, आणि भट्टीचा विषय निघाला की गळा बसल्याचे सांगतो. जोतीरावांची आरती ओवाळणे सोपे आहे. जोतीरावांनी विचारलेला प्रश्न स्वतःच्या भावकीत विचारणे, हे खरे सत्यशोधन. परक्या भटजीला नावे ठेवून स्वतःच्या शेटजीपुढे मान तुकविणारे गाणे, ते बंडाचे गाणे नव्हे, ती वाजंत्री होय.

म्हणून गाणाऱ्या मंडळींना आमचे चार शब्द. एक, गाण्यात खोटा आकडा घालू नका. सावकाराची वही खोटी म्हणून आपण लढतो. आपली वही खरीच पाहिजे. भट्टीवरच्या माणसाजवळ बसा, त्याची खर्ची, त्याचा भाव विचारा, मग चाल लावा. दोन, जेथे दुखते तेथे गा. शहरातल्या सभागृहात टाळ्या मिळतात. पण ते गाणे भट्टीवर, टँकरच्या रांगेत आणि म्हशाच्या जत्रेत म्हटले गेले पाहिजे. म्हशाला घोंगडीवाला, बैलवाला, कासार, बुरूड सगळे जमतात. ह्याहून मोठी सभा कोणता पुढारी भरविणार? तीन, चाल आपल्या मातीची घ्या. ठाकरांचा ढोल, गौरीनाचाचा ठेका, तारप्याचा फेर, जात्यावरची ओवी ही सगळी आपली संपत्ती आहे. त्यावर शब्द बसले की गाणे शिकवावे लागत नाही.

आणि चौथे, बायांना पुढे घ्या. जोतीरावांच्या समाजाने 25 डिसेंबर 1873 रोजी भिक्षुकावाचून पहिले लग्न लावले, तेव्हा पुण्यात केवढा गहजब झाला! पण आमच्या ह्या जिल्ह्यात वारल्यांचे लग्न धवलेरी लावीत आली आहे. आगऱ्यांच्या मांडवात धवलारीण धवळे गात आली आहे. एक बाई गाते आणि लग्न लागते. जे घाटावर बंड ठरले ते येथे रानात रीत होती. त्या धवलारणीचा मान आज कमी होत चालला आहे, आणि तिच्या जागी कर्ण्यांची भिंत उभी राहते. ज्या मांडवात हुंडा मोजला जातो, त्याच मांडवात हुंड्याविरुद्ध दोन कडवी तिच्याच तोंडून निघाली, तर शंभर व्याख्यानांचे काम होईल.

शेतकरी-कारागीर घरांनाही आमचे मागणे आहे. शाहीर वाऱ्यावर जगत नाही. मोठमोठे शाहीर समाजाला जागवून स्वतः हलाखीत गेले. अण्णाभाऊंसारखा माणूस 1969 साली गेला तो दारिद्र्यातच. गावाने देवळाच्या वर्गणीबरोबर आपल्या गाणाऱ्याच्या घरी चार पायल्या भात टाकावा. म्हणजे त्याला निवडणुकीच्या बिदागीसाठी गळा विकावा लागणार नाही. आणि शिकलेल्या पोरांनी एक वही करावी. गाणे कोणी रचले, कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणत्या कारणासाठी, हे लिहून ठेवावे. नाव न लिहिल्यामुळे आमच्या किती शाहिरांची गाणी परक्याच्या नावावर गेली ह्याची गणती नाही.

बंधुभगिनींनो, वहीवाले जोवर आहेत तोवर गाणारे पाहिजेत. ज्या दिवशी भट्टीवरच्या हिशेबाला मोजणारे दोघे असतील, एक मालकाचा आणि एक कष्टकऱ्याचा, आणि दोघांचे आकडे जुळतील, त्या दिवशी ह्या गाण्याचे काम संपले असे आम्ही समजू, आणि मग खुशाल गवळणी गाऊ. तोवर डफ तापत ठेवा. सत्याचा जय असो.